चार फुटांवर

कॅमेरा म्हणतो, लेन्स जोडलेली नाही.
आहे की रे, मी म्हणतो,
पाव किलोचा धातू आणि काच,
वयानं तुझ्या-माझ्याहून थोर.
तो ऐकत नाही. त्याच्या सोनेरी टाचण्यांना
समोरून कुणी ओ देत नाही.
मग मेनूच्या सातव्या पानावर जाऊन
कबुली द्यावी लागते :
लेन्स नसली तरी फोटो काढू दे.
तो एवढंच विचारतो, किती मिलिमीटर?
अठ्ठावन्न, मी सांगतो.
तेवढ्यावर विश्वास ठेवून
माझा थरथरता हात सावरून धरतो.

लेन्स रबाळ्याच्या हिराजी मढवींची.
भंगारात जाता जाता त्यांच्या मुलीनं मला दिली.
कंपन्यांच्या गेटावर ओळखपत्रांचे फोटो काढायचे ते,
ठाणे-बेलापूर रस्त्याला रंगीत धूर होता तेव्हा.
शिफ्ट सुटली की रांग, शिफ्ट लागायच्या आधी रांग,
एक स्टूल, एक निळा पडदा,
वरचं बटण लावा, हां, श्वास सोडा.
त्यातल्या एका कंपनीच्या जागी आता काचेची इमारत आहे.
तिच्या थंड खोलीत, भर मे महिन्यात स्वेटर घालून,
मी सर्व्हर सांभाळतो.

आत कडेकडेनं बुरशीचं जाळं होतं.
ग्रीस वाळून दगड झालेलं.
कळव्याच्या एका घड्याळजीनं उघडून साफ केली,
पैसे घेतले नाहीत,
म्हणाला, पुन्हा आणू नकोस.
आता कडं फिरतं
काकवीत चमचा फिरावा तसं.

आधी मी अनंतावर गेलो.
ऐरोलीच्या खाडीवर रोहित उतरलेले.
आडवा पडलेला आठचा आकडा,
तिथे कडं टेकवलं की सगळंच सारखं दूर.
चिखलात गुलाबी ठिपके, मागे पूल.
बरे आले फोटो.
बरे म्हणजे, कुणाचेही येतात तसे.

घरी येऊन पुसताना तो ठिपका दिसला.
नेलपॉलिशचा. कधीकाळी लाल,
चार फुटांच्या आकड्याला खेटून.
आठ, पंधरा, तीस अजून करकरीत,
तिकडे कुणी फिरकलेलंच नाही.
चारपाशी मात्र काळा रंग झिजून
पितळ वर आलंय.
वीस वर्षं माणूस
एकाच अंतरावर उभा.

दाखवायला गेलो कुंदाताईंकडे, गोठिवलीत.
अंगणात जवळा वाळत घातलेला.
तुमचाच काढतो, म्हणालो.
पुढे झालो, मागे झालो,
स्क्रीनवर लाल रेघा भलतीकडेच धावायच्या,
कानाच्या पाळीवर, खिडकीच्या गजांवर,
एकदा तर नुसत्या पदराच्या काठावर.
तिसऱ्यांदा फसलं तेव्हा त्या उठल्या.
"ठिपक्यावर आण," म्हणाल्या. "आता हात काढ त्याच्यावरना."
अर्धं पाऊल पुढे आल्या.
थांबल्या. हनुवटी जराशी मागे घेतली.
"हां. बघ."

रेघा पापण्यांवर उतरल्या,
दोन्ही डोळ्यांच्या,
केसाकेसावर, मुंग्या चढाव्यात तशा.

"दुकान उघडलं का पयली मीच उभी राहाची.
बाबा माझ्यावर मापून घ्यायचा.
फूटपट्टी नाय लागली कधी."
मग, जवळ्यावरचा कावळा हाकलत,
"पॉलिश आईचं. आयुष्यात एकदाच लावलेलं तिनं.
बाटली सुकत आली, तवा बाबानं मागून घेतली."

फोटोची माहिती उघडून पाहिली.
तारीख आहे, वेळ आहे, शटर आहे.
लेन्सपुढे दोन आडव्या रेघा.
अ‍ॅपर्चर : शून्य.

कुंदाताईंनी चष्मा कपाळावर ढकलून
फोटो डोळ्यांशी नेला, लांब नेला.
"बरा हाय. आठ कॉप्या काढ, पासपोर्ट.
हयातीच्या दाखल्याला लागतात."
मग म्हणाल्या, "खिडकी नको पण मागं.
निळं पायजे."
आणि दोरीवरची चादर काढायला गेल्या.