तरी

दांडिया बाजारात माझी गाडी,
सकाळी सातपासून उसळ संपेपर्यंत.
गिऱ्हाइकांची नावं मी मागाहून शिकते,
आधी डिश पाठ होते.
फाळक्यांचा जयदीप म्हणजे डबल तरी,
वर कांद्याची पात, मग पुन्हा तरी,
नाक गळेपर्यंत.

दिवाळीनंतर म्हणाला, "काकी, तरी कमी."
म्हटलं, पित्त असेल.
संक्रांतीला म्हणाला, "तरी नकोच."
नुसती शेव, तीही भिजवून, मऊ करून,
चमच्याच्या टोकाने फटीतून आत सारायचा,
जणू दार कुणी आतून धरून ठेवलंय.

पातेलं तेच, मिरची तीच.
तिखट मी वाढवलं नव्हतं.

डाव्या हातात माव्याची पुडी,
सुपारी, चुना, तंबाखू, प्लास्टिकवर अंगठा
घासत घासत विचारायचा, "किती झाले?"

माझ्या दिराचा अंगठा असाच चालायचा.
त्याच्या गालात आधी पांढरं आलं,
भांड्याला साय चिकटावी तसं.
मीच म्हटलं होतं, फडक्याने पूस.
पुसलं जाईना.
दुखत नव्हतं, म्हणून घरात कुणी विचारलं नाही.
मग लाल झालं. मग दाढेशी एक फोड,
तीन आठवडे झाले तरी भरला नाही,
तरी आम्ही हळदच लावत होतो.
पुढचं मी गाडीवर बोलत नाही.

आज ऐन गर्दीत गॅस बारीक केला.
"जयदीप, आ कर."
"सगळ्यांसमोर, काकी?"
"तुझीच तीन बोटं. एकावर एक, उभी. घाल."
दोन कशीबशी गेली.
तिसरं ओठाशी थांबलं
पाहुण्यासारखं.
रांग हसली.
मागच्या एकाने मात्र तोंड फिरवून
हळूच स्वतःची बोटं लावून पाहिली.

"पण दुखत तर काहीच नाही," जयदीप म्हणाला.
माझ्या हातातली पळी पातेल्यात पडली.
हे वाक्य मी ऐकलेलं आहे.

"उद्या सयाजी हॉस्पिटल. दातांच्या डॉक्टरकडे.
केसपेपरचे पैसे माझे.
त्यांच्याकडे आरसा आहे, बत्ती आहे,
लागलं तर तुकडा काढून तपासतात.
मला नुसती शंका येते."
हो म्हणाला नाही.
पुडीही टाकली नाही, खिशात सारली.

आज साडेदहा झाले, आला नाही.
त्याची डिश बाजूला काढून ठेवली होती,
शेव फुगून गेली.
रुसला असेल.
किंवा तिथेही रांग असते म्हणतात,
नंबर यायला दुपार होते.