वेत भिजेपर्यंत

छावणीच्या चर्चमध्ये मी शेवटच्या बाकावर बसतो,
दाराला लागून. बाहेर पोह्यांच्या गाडीवर
उपासना संपायच्या आधीच जलेबी तळायला घेतात.
इथून मला मार्थाबाईंची पाठ दिसते.
तिसरी रांग, पांढरा पदर,
मानेवर चष्म्याची काळी दोरी.

मी मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो.
इंजेक्शनच्या बाटल्या दवाबाजारात विकायचो
आणि रिकाम्या बाटल्यांत पाणी भरायचो.
उकळलेलं पाणी. कोर्टात मी हे दोनदा सांगितलं,
उकळलेलं होतं, साहेब,
जणू तेवढ्यापुरता तरी मी स्वच्छ होतो.

सुमित्र रणपिसे. वय नऊ. विषमज्वर.
सात दिवस मी त्याला पाणी टोचलं.
सहाव्या दिवशी तो म्हणाला,
काका, आज कमी दुखलं.

जेलमध्ये अकरा वर्षं.
तिथे छगन उस्तादांनी खुर्च्या विणायला शिकवलं.
वेत पाण्यात घालायचा आणि बसून राहायचं.
कोरडा वाकवला की तडकतो.
उतावल मती कर, म्हणायचे,
आणि विडीचं थोटूक कानामागे खोचायचे.
पहिले तीन दिवस
मला त्या टबात हात घालवला नाही.

पाळकसाहेब महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी येत.
प्रभूने तुला क्षमा केली, म्हणाले.
मी ते घाईने गिळलं,
उपाशी माणूस गरम भजं गिळतो तसं,
आणि बरेच दिवस टाळू सोलून निघाली होती.
वधस्तंभावरच्या त्या चोराचा हेवा वाटायचा.
एका दुपारीत मिटलं त्याचं.
पण त्याला सुटून परत
त्याच गल्लीत भाजी घ्यायला जायचं नव्हतं.

सुटलो, आलो, या बाकावर बसलो.
प्रभूने शिकवलेली प्रार्थना सगळे एका आवाजात म्हणतात.
ऋण सोडण्याची ओळ आली
की तिसऱ्या रांगेतला एक आवाज थांबतो.
एवढ्या आवाजांत एकच, पण मला कळतं.
पुढच्या ओळीला तो पुन्हा मिसळतो,
भोज्याला शिवून आल्यासारखा.
सहा वर्षं झाली.
तेवढ्या मोकळ्या जागेत मी राहतो.

जा, त्यांचे पाय धर, असं पुष्कळांनी सांगितलं.
एकदा संयोगितागंजात त्यांच्या फाटकापर्यंत गेलो.
आत लहान मुलाची सायकल होती,
हवा गेलेली, पण पुसून ठेवलेली.
तिथे मला कळलं, आता मागायला जाणं म्हणजे
या घरातून आणखी काहीतरी उचलून नेणं.
परतलो. वाटेत नदीच्या पुलावर थांबून
प्रभूशी भांडलो थोडा.
तू सोडलंस तर मग हे छातीवर काय आहे?
तो काही बोलला नाही.
मात्र गेलाही नाही. एवढं मी शपथेवर सांगेन,
माझ्या शपथेला काही किंमत असेल तर.

या उपासकाळातल्या एका मंगळवारी
मी चर्चच्या ओसरीत खुर्च्या विणत होतो.
समोर सावली पडली.
मार्थाबाईंनी एक खुर्ची खाली ठेवली,
लहान, मुलाच्या मापाची,
मधोमध वेत फाटलेला.
माझ्याकडे पाहिलं नाही. टबाकडे पाहिलं.

किती दिवस लागतील?

वेत भिजावा लागतो, बाई.

बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत होत्या.
मग म्हणाल्या, भिजू दे.

रविवारी ती ओळ आली.
त्या गप्पच होत्या.
मीही गप्प राहिलो.
ओसरीत टबामध्ये वेत होता,
अजून पुरता नरम न पडलेला.