सातवी बादली

पहिल्यांदा कळलं ते न्हाणीत.
कूलरमध्ये सातवी बादली ओतून आले होते,
मे महिना, खसच्या ताट्या कोरड्याठाक,
आणि मांड्यांच्या मध्ये
सोललेल्या संत्र्याच्या फोडीसारखं काहीतरी
ओलं, हाताला लागलं.

हात धुतला. पुन्हा धुतला.
मग पोहे फोडणीला टाकले.

अकरा महिने अंगावर काढलं.
आमच्यात म्हणतात, अंग बाहेर येतं.
इतकंच म्हणतात, तेही भांडी घासताना,
नळ मोठा सोडलेला असताना.
जाऊ वच्छला म्हणाली,
"पोट आवळून चाल न वो बाई, फडकं घट्ट बांध.
माह्या मायनं तसंच काढलं."
मी आवळलं.
शेपूट पोटाशी घातलेल्या कुत्रीसारखी
गोळीबार चौकातून इतवारीपर्यंत जायची, यायची,
आणि दिवेलागणीला ते
सकाळपेक्षा बोटभर खाली.

मेडिकलच्या ओपीडीत बाकावर आम्ही नऊ जणी.
प्रत्येकीच्या मांडीवर पिशवी, दोन्ही हातांनी धरलेली.
"काय होतंय?" सिस्टरने विचारलं.
"पिशवी," माझ्या शेजारची म्हणाली,
आणि हातातली उचलून दाखवली,
आणि आम्ही हसलो, नऊच्या नऊ,
हसताना पाय जुळवून.

व्यायामाच्या खोलीत प्रणोती मेश्राम,
माझ्या हर्षलपेक्षा लहान, पायात कॅनव्हासचे बूट.
म्हणाली, "काकू, पोट सोडा."
सोडू?
चौतीस वर्षांत मला कुणी
काहीच सोडायला सांगितलं नव्हतं.
"सोडा. छाती वर. कंबरेला तिचा बाक असू द्या,
ढुंगण आत ओढू नका.
खाली ही झोळी आहे, बघा,
आणि तुम्ही वरून दाबताय.
आता श्वास सोडत सोडत झोळी उचला,
लघवी अडवतो तशी.
आता उतरवा. हळू. पूर्ण.
उतरवणं पण व्यायामच आहे."

कुकरची तिसरी शिट्टी होईस्तोवर दहा वेळा.
मेट्रोत, बर्डीपासून चितार ओळीपर्यंत, उभ्यानं.
समोरचा पोरगा मोबाइल बघत असतो,
त्याला काय माहीत
ही काकू आत्ता काय उचलतेय.
शिंक आली की आधी खालचं दार लावते, मग शिंकते.
संडासात कुंथत नाही.
पाट घेऊन बसते निवडायला.

जात नाही ते. प्रणोती खोटं बोलली नाही.
आठ-आठ दिवस विसरायला होतं,
मग कुणाच्या लग्नात दोन दिवस उभी राहते,
आणि ते येतं भेटायला.
तेव्हा कंबरेखाली उशी घेऊन
पंख्याकडे बघत पडते.
पंख्याला बघायला मिळतंय, हेही काही कमी नाही.

यंदाच्या मेमध्ये हर्षल म्हणाला,
"आई, कूलर रिकामा झाला."
"तू भर," म्हटलं. "माझं अंग खाली आलंय."

तो फरशीकडे बघत राहिला.
मग बादली उचलली त्यानं,
श्वास रोखून, पोट आवळून.
"श्वास सोड उचलताना," मी म्हटलं.

आत नळ बंद झाला.
वच्छला आली, पदराला हात पुसत,
दारात उभी, खांदे कानांपर्यंत चढलेले.
"पोट सोडाचं म्हणते काय तू?"