कुकर मिळाला का?

मिळाला ना कुकर? बघू.
झाकण उलटं कर, ईश्वरी.
रिंग आहे, शिट्टी नाही. आम्हालाही नव्हती.
भद्रकालीत मिळते, चाळीसेक रुपयांत.

आता कागद. आज रात्रीच वाचा.
मुंबई नाक्याच्या त्या हॉलमध्ये वाचले नसणार,
तिथे वाचू देतच नाहीत.
मोठ्यानं गाणी, कोल्ड कॉफी, दर पाच मिनिटांनी टाळ्या,
अमक्या कुटुंबानं सही केली, अभिनंदन.
आमचे हे बत्तीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये,
डोळे मिटून अंगठ्यानं सांगायचे खोटी नोट कुठली.
त्याच हातानं सही केली, पंचवीस वर्षांची,
शेवटचं पान आधी, पहिलं नंतर.
मी काय करत होते?
टाळ्या वाजवत होते.

सही मोडायला किती दिवस दिलेत ते शोधा, बारीक अक्षरात असेल.
आमच्या कागदात दहा होते.
आम्हाला अकराव्या दिवशी कळलं.
मोडायची असेल तर फोनवर गोड बोलण्यात जाऊ नका,
लेखी पाठवा, पावती जपा.

मोडायची नसेल तर ऐक.
दर एप्रिलला देखभालीचं बिल येतं,
गेलात तरी, नाही गेलात तरी.
खोली तुमची नाही, पंखा तुमचा नाही,
पंख्याला तेल तेवढं तुमचं.
बिल दर वर्षी वाढतं, मुलासारखं,
फक्त त्याला कधी नोकरी लागत नाही.

मे महिना विसरा.
तीन महिने आधी रात्री बाराला बटणावर बोट ठेवून बसायचं असतं.
बसलो ना आम्ही. रेडिओवर घड्याळ जुळवून.
बारा वाजून एक मिनिटाला मनाली संपली.

नातेवाइकांत बोलू नका.
माझ्या नणंदेनं सिमला पाहिलं आमच्या आठवड्यात.
मी बिल पाहिलं.

आणि हे सांगणार नव्हते.
सहाव्या वर्षी सात रात्री वाया जात होत्या.
कूर्ग नाही, गोवा नाही, महाबळेश्वर नाही.
एकच जागा रिकामी, अंजनेरीच्या अलीकडे,
त्र्यंबक रोडवर.
शेजारी हसतील म्हणून पहाटेच बॅगा काढल्या,
वॉचमनला सांगितलं, बडोद्याला चाललोय.
काउंटरवरच्या पोरानं विचारलं, "कुठून आलात, सर?"
हे म्हणाले, "जेल रोड."
पोरगा खाली बघून हसला,
मग सरबताचा एकेक पेला जास्त आणला.

लग्नाला चोवीस वर्षं झाली होती,
पांडवलेणी चढले नव्हते मी.
हायवेवरून जाताना "ती बघ" एवढंच.
चढलो. तीनदा बसलो.
द्राक्षाच्या मळ्यात वाइन चाखायला दिली,
हे म्हणाले, खोकल्याच्या औषधासारखी लागते,
आणि दुसरा पेला मागितला.
रात्री बाल्कनीतून शहराचा उजेड दिसायचा,
नारिंगी, सपाट.
मी विचारलं, आपलं घर कुठं असेल हो?
ह्यांनी बोट केलं.
साफ चुकीच्या बाजूला.
मी काही बोलले नाही,
तिकडेच बघत बसले.

तर एवढ्यासाठी घ्या असं म्हणत नाही मी.
पांडवलेणीला शहर बस जाते.

आमची अजून नऊ वर्षं आहेत.
"विकून देतो" म्हणणाऱ्यांचे फोन येतील,
आधी पैसे मागतील. ठेवून द्यायचा फोन.
निनादला सांग, लाजू नकोस,
ह्यांच्यासारखा माणूस फसला तिथं.

घे, ही आमची शिट्टी लाव आज.
वरणाला चार होऊ देत.
आणि कागद आण इकडे,
चष्मा शोधते.