बशा सरकतात तेव्हा

देवमासा आला हे मला
सगळ्यात आधी बशा सांगतात.
वर डेकवर चाळीस जोड बूट
एकदम डाव्या अंगाला धावतात,
एवढीशी बोट, ती झुकते,
आणि फळीवरच्या बशा बोटभर सरकून थांबतात.
बोटभर म्हणजे देवमासा.
नखभर म्हणजे डॉल्फिन.
आणि बूट जागच्या जागी थबकले
तर काँडोर, सगळ्यांच्या माना आभाळात.

मी एदेल्मिरा, चिलोए बेटावरची.
अकरा हंगाम या खाड्यांमधून हिंडतेय
भटारखान्याच्या एका गोल खिडकीमागून.
तिच्यात अर्धं आकाश, अर्धं पाणी,
दोन्ही खरकट्या पाण्यासारखी करडी.
एकदा एक समुद्रसिंहीण काचेशी आली,
मिशांवर थेंब, डोळे तेलकट काळे.
माझ्या हातात मासा होता.
मध्ये काच होती.

हिमनदीपाशी मात्र बशा हलत नाहीत.
इंजिन बंद. बूट गप्प.
बाहेर सुटा बर्फ पाण्यात तडतडत असतो,
तापल्या तेलात थेंब पडावा तसा.
तांडेल नोल्बेर्तो जाळीनं एक ढेप ओढून आणतो,
मी ती फडक्यात गुंडाळते, लाटण्यानं फोडते,
ग्लासांत घालते. वरून व्हिस्की.
कुणी म्हणतं हजार वर्षांचा आहे, कुणी दहा हजार.
नोल्बेर्तो कुणालाच नाही म्हणत नाही.

परवा कप्तानाला कॉफी द्यायला वर गेले.
त्याच्या पडद्यावर आमची बोट,
तांदळाएवढी,
पांढऱ्यात उभी होती.
निळ्यात नाही. पांढऱ्यात.
"नकाशा जुना आहे," तो म्हणाला,
"त्याच्या हिशेबानं आपण बर्फाच्या पोटात आहोत."
साखर किती, विचारायचं राहिलं.

माझे वडील सायप्रसची लाकडं तोडायला इथवर यायचे.
होडी बांधायला त्यांनी खडकात एक कडी ठोकली होती.
कडीच्या पुढे भिंत, म्हणायचे,
पुढे नुसती थंडी राहते.
ती कडी सकाळीच मागे गेली होती,
गंजलेली, वर एक पाणकावळा पंख वाळवत.
त्यानंतर माझी न्याहारीची भांडी झाली,
कालवणाचे कांदे चिरून झाले,
पावाचं पीठ एकदा फुगून बसलं,
तेव्हा कुठे भिंत आली.

आणि मी तिथेच, ट्रे हातात,
तेवढ्यात तिचा एक कोपरा सुटला.
चर्चच्या मनोऱ्याएवढा,
निळा, सावकाश,
आणि अगदी मुका.
आवाज मागाहून आला.
अकरा हंगाम मी फक्त आवाज ऐकला होता,
पत्र्यातून, तळपायांतून.
त्याच्याआधी इतकी शांतता असते
हे मला ठाऊक नव्हतं.

डेकवर टाळ्या वाजल्या.
बाकीच्यांचा जीव भांड्यात पडला असेल,
माझा तिथेच असतो:
लाट निघाली होती.
तीन जिने मी कसे उतरले, आठवत नाही.
दोन्ही हात पसरून फळीला छाती लावली.
या वेळी बोटभर नाही,
हातभर.
दोनच फुटल्या.

रात्री ग्लास खाली आले,
लिपस्टिकचे, लिंबाच्या सालींचे.
एकाच्या तळाशी
बर्फ अजून काहीतरी तडतडत होता.
नळ चालू होता.
मी तो बंद केला.