बटीक येक

पेशवे दफ्तरात रुमाल सोडला.
मोडीची एक ओळ लागायला दुपार गेली:
बटीक येक, नांवे सगुणी, उमर अदमासे बारा,
रुपये साठ.
वरच्या ओळीतली म्हैस महाग. दुभती होती.

पुढे कायदा आला, सुटका झाली म्हणतात.
सगुणीला कोणी कळवलं का,
रुमालात नाही.

संध्याकाळी बाणेरला आईला आणायला गेले.
दोन लिफ्ट. एकीवर पाटी: कामवाल्या, कचरा, कुत्री.
ती आज बंद.
आई अकरा मजले जिन्यानं उतरलेली,
गुडघा धरून शेवटच्या पायरीवर.

मी दुसरीचं बटण दाबलं.
दार उघडलं. आत आरसा, पंखा, कुणाच्या तरी अत्तराचा वास.
"चल वर."
"आता कशाला गं?"
"उतरायला."