दोनशे बारा

पार्नूला, नदीकाठच्या वाहनतळावर
ट्रकांतून उतरलं आमचं नाट्यगृह:
सदतीस खोके, प्रत्येकावर खडूने नंबर.
क्रेनवाला पोरगा सफरचंद चावत
रंगमंच अलगद खाली ठेवत होता.
नऊ दिवसांत उभं.
"हिल्ये, तुझी कोटांची खोली तेवढी आखडली," म्हणाले.

एकशे ऐंशी खुंट्या.
जुन्या इमारतीत चारशे होत्या, पितळी;
तिथे आता परांच्या, धूळ, नि छताच्या जागी आभाळ.

इथे गारा पडल्या की पत्रा असा कडाडतो
की मरणारा राजा थांबतो,
गारा सरू देतो,
मग मरतो.
कुणी हसत नाही.

शनिवारी काल्यो पिहलाक आला. एकटा.
माझ्यापुढे जुना बिल्ला ठेवला: २१२.
"त्या रात्री मध्यंतरातच ॲम्ब्युलन्स आली,
हा खिशातच राहिला."

दोनशे बाराची खुंटी इथे नाही.
कोट मात्र आहे.
सामान हलवताना मी तो स्वतः उचलून आणला,
तपकिरी, आतून अस्तर उसवलेलं,
खिशात एक हातमोजा. दुसरा कुठे, ठाऊक नाही.

त्याने बाही चाचपली. घेतला नाही.
"नाटक संपू दे," म्हणाला,
आणि स्वतःच्या अंगावरचा उतरवून दिला.
मी दोन्ही एकाच खुंटीवर टांगले,
एकच बिल्ला दिला.

दोन वर्षांनी बोल्ट सैल करतील.
खोके वाल्गाला जातील, त्यांत शाळा भरेल म्हणे.
खुंट्या तेव्हा
बऱ्याच खाली आणाव्या लागतील.